वारा आणि शीड
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त इस्लापूर येथे दिलेले भाषण)



आमचा विषय कळल्यावर मंडळातील एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "गुरुजी, इस्लापुरात समुद्र कुठून आणलात?" प्रश्न बरोबर आहे. येथून मुंबईचा किनारा रस्त्याने सहाशे किलोमीटरहून दूर. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेल्यावर, तेवढाच. पण जरा विचार करा. सहस्रकुंडावर पावसाळ्यात जे पाणी कोसळते ते पैनगंगेतून वर्धेला, वर्धेतून प्राणहितेला, तिथून गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. आणि ते पाणी इथवर आणतो कोण? समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा. ज्या वाऱ्याची आपण जूनमध्ये आभाळाकडे बघून वाट पाहतो, त्याच वाऱ्यावर हजारो वर्षे जहाजे चालली. तेव्हा हा विषय आपल्या अगदीच परका नाही.

वारा ओळखणे हे काही फक्त खलाशालाच येते असेही नाही. मळणीयंत्र यायच्या आधी खळ्यावर उपणणी कशी व्हायची, ते येथील ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. वारा पडला की हात थांबायचे. वारा फिरला की उपणणारा माणूसही फिरून उभा राहायचा. वारा जोराचा सुटला की पाटी खाली धरायची, नाहीतर भुसाबरोबर दाणाही उडून जायचा. शिडाच्या जहाजाचे पहिले तीन धडे हेच आहेत, बरं का! वारा नसेल तर धीर धरा, फिरला तर तुम्ही फिरा, वाढला तर आवरते घ्या.

आता आपल्या मराठवाड्यातलेच एक जहाज दाखवतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचे, एक चित्र आहे. त्यात तीन उंच शिडांचे जहाज आहे. मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही आहेत, पाण्याचे वाटावेत असे रांजण ओळीने ठेवलेले आहेत. हे चित्र पूर्णाच्या कथेतले मानले जाते. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. 'दिव्यावदान' या ग्रंथात त्याची कथा आहे. त्याची आई दासी होती, आणि दासीपुत्र म्हणून भावांच्या वाटणीत त्याला हिस्सा मिळाला नाही. तो माणूस पुढे समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा प्रमुख झाला. श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांबरोबर सफरीवर असताना त्यांच्या तोंडून त्याने बुद्धवचन ऐकले आणि पुढे भिक्खू झाला. त्याच्या भावाचे जहाज वादळात सापडले असता पूर्णाने ते वाचवले, असे कथेत आहे. चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. परंतु एवढे लक्षात घ्या की अजिंठाही आपल्यासारखाच समुद्रापासून आत, डोंगरात आहे. तरी तेथील चित्रकाराला शिडे किती, सुकाणू कुठे, पाणी कशात भरायचे हे सारे ठाऊक होते. कारण तो रस्ता इथूनच जात होता. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या नोंदवहीत पैठण आणि तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांची नावे आहेत. तेरचे कापड आणि पैठणचे अकीक गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात. त्याच नोंदवहीत सोपाऱ्याचेही नाव आहे. ती जहाजे तांबड्या समुद्रातून साधारण जुलैत निघत, नैर्ऋत्य वाऱ्यावर इकडे येत आणि हिवाळ्यात ईशान्य वारा सुरू झाला की त्याच्यावर परत जात. येण्याचा वारा वेगळा, जाण्याचा वेगळा. मधले दिवस माल घ्यायचा, डागडुजी करायची आणि थांबायचे.

ही झाली जुनी गोष्ट. आता आपल्या काळातली सांगतो.

भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे हे आपले मराठी गृहस्थ. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून 'म्हादेई' नावाची ५६ फूट लांबीची शिडाची नौका घेऊन एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीला फेरी घालून मुंबईला परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. नौका बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. दोंद्यांनी वाटेत चार मुक्काम केले : ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेत केपटाऊन.

हा मार्ग असा का? आपण म्हणू, जगाला चक्कर मारायची तर कुठूनही मारावी. तसे नाही. मार्ग वारा ठरवतो. मुंबईहून ऑगस्टमध्ये निघाले की समोरून मोसमी वारा. शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. घाटात गाडी चढते तशी. पुढे विषुववृत्ताजवळ शांत पट्टा लागतो. तिथे शिडे नुसती लोंबतात, मध्येच काळा ढग येतो आणि दहा मिनिटे झोडपून जातो. त्याच्या दक्षिणेला आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे. आणि मग चाळीस अंश दक्षिण अक्षांशाखाली पश्चिमेचे वारे, भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना 'गर्जणारे चाळीस' म्हणतात ते. तिकडे त्यांना अडवायला जमीन फारशी नाही, म्हणून ते गरजतात. त्यांच्यावर स्वार होऊन पूर्वेकडे जायचे, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न ओलांडायचे, असा हा रस्ता आहे.

आता शिडांचे काम समजून घेऊ. अशा नौकेवर एक मोठे शीड असते, पुढे एक-दोन शिडे, मागून वारा असताना लावायचे एक हलके, फुगणारे शीड आणि वादळासाठी एक अगदी लहान, जाड कापडाचे शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट वेगाला नऊपट. म्हणून वारा वाढू लागला की मोठे शीड थोडे खाली घेऊन त्याचा खालचा भाग बांधून टाकतात, म्हणजे शीड आखडते. पुढचे शीड दोरावर गुंडाळून लहान करतात. हे करावे कधी? जुन्या खलाशांचा नियम असा की, 'आखडावे का?' असा विचार मनात आला, तीच आखडण्याची वेळ. उशीर केला तर तेच काम अंधारात, ओल्या डेकवर, चौपट जोराशी झुंजत करावे लागते. शीड लवकर आखडले म्हणून कोणी हसत नाही. फाटले तर मात्र पुढच्या बंदरापर्यंत शिवत बसावे लागते.

आणखी एक धोका आहे. वारा मागून असताना तो थोडासा जरी फिरला, तरी मोठे शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धाडकन जाते. त्याच्या खालची आडवी काठी वाटेत माणूस असेल तर त्याला समुद्रात फेकू शकते. म्हणून ती काठी दोराने बांधून ठेवतात आणि स्वतःलाही पट्ट्याने नौकेला बांधून घेतात.

एकटा माणूस असेल तर तो झोपतो कधी, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तुकड्या-तुकड्यांनी झोपतो, आणि तेवढा वेळ यंत्र सुकाणू धरते. त्यातला एक प्रकार वाऱ्यावर चालतो. मागे एक पाते असते, ते वारा ओळखते आणि नौकेचा वाऱ्याशी असलेला कोन कायम ठेवते. वीज लागत नाही, तक्रार करीत नाही. पण त्यात एक खोच आहे. माणूस झोपलेला असताना वारा हळूहळू फिरला, तर यंत्र इमानदारीने नौकाही फिरवते. शिडे छान फुगलेली, वेग उत्तम, सगळे ठीकठाक. आणि नौका भलतीकडेच चाललेली! म्हणून जाग आली की खलाशी आधी शिडाकडे पाहत नाही, होकायंत्राकडे पाहतो.

मित्रांनो, इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. आमच्या भागात एकेकाळी डी.एड.चा वारा होता. शेत गहाण टाकून पोरे डी.एड. झाली आणि नोकरभरती आटली. मग इंजिनिअरिंगचा वारा आला. आता पुण्याला खोली करून स्पर्धा परीक्षा देण्याचा आहे. परीक्षा वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. शिकलेच पाहिजे. परंतु पंचवीस वर्षांचे वय अठ्ठाविसावर जाते, अठ्ठाविसाचे बत्तिसावर, आणि आपण कुठे चाललो हे पाहायला पोरगा उठतच नाही, कारण सगळे तिकडेच चाललेले असतात. घरी बापाला विचारायचे धाडस नाही, बापाला पोराला विचारायचे धाडस नाही. वर्षातून एकदा तरी बाप-लेकाने, माय-लेकीने बसून होकायंत्र पाहावे. चुकले असेल तर वळावे. वळण्यात कमीपणा नाही. मुक्कामाला पोचणारी नौका सरळ रेषेत गेलेली नसतेच.

दक्षिण समुद्रातील वादळाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिकडे हवेचा दाब उतरू लागतो, वायव्येचा वारा वाढत जातो, आणि मग एकाएकी तो फिरून नैर्ऋत्येचा होतो. वारा तासाभरात बदलतो. पण जुन्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा तशाच चालत राहतात, त्यांच्यावर नव्या वाऱ्याच्या लाटा आडव्या येतात. अशा वेळी समुद्र जास्त घातकी असतो. नौकेला दोन्हीकडून मार. शहाणा खलाशी वारा बदलला म्हणून लगेच सगळी शिडे उभारीत नाही, जुन्या लाटा निवू देतो आणि तोवर सुकाणू सोडत नाही. कायदा बदलला, राज्यघटना आली, तरी गावातल्या जुन्या लाटा किती दिवस आदळत राहिल्या, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसलेले आहे. तेव्हा हे आम्ही अधिक फोडून सांगत नाही.

सगळे नियम पाळले तरी समुद्र प्रत्येक वेळी सोडतोच असे नाही. कमांडर अभिलाष टॉमी यांनी याच 'म्हादेई'वरून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. तेच टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये एका शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरातील वादळात सापडले. डोलकाठ्या मोडल्या, पाठीचे मणके दुखावले. नौकेत पडून राहिले. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. मणक्यात धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. तोच माणूस पुन्हा चालायला शिकला, त्याच शर्यतीत २०२२ साली पुन्हा उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला.

आमच्या माता-भगिनींसाठीही सांगतो. 'तारिणी' नावाच्या, सुमारे २५ मीटर उंच डोलकाठीच्या नौकेतून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. सुकाणूत बिघाड झाला तेव्हा मॉरिशसला थांबून दुरुस्ती केली आणि पुढे निघाल्या. नंतर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जणी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. दोघींत एक झोपणार, एक जागणार. शीड आखडायला तिसरे कोणी नाही. आपल्याकडे मुलीला तालुक्याला कॉलेजला पाठवायचे तर एस.टी.च्या वेळा विचारतात!

शेवटी पुन्हा अजिंठ्याकडे येऊ. त्या लेण्यातल्या चित्रावरून नौदलाने एक जहाज बांधून घेतले. फळ्यांना खिळे ठोकले नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवल्या. केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखाली कारागिरांनी ते काम केले. २०२५ साली कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात आले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते मस्कतला पोचले. हिवाळ्यात, म्हणजे ईशान्य वाऱ्याच्या दिवसांत. जुने व्यापारी ज्या हंगामात जात, त्याच हंगामात.

दीड हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका भिंतीवर कुणी नाव न ठेवता काढलेले जहाज आज समुद्रावर चालून गेले. म्हणून विद्यार्थी मित्रांना एकच विनंती. अजिंठ्याची सहल काढाल तेव्हा फोटोपुरते उभे राहू नका. दुसऱ्या लेण्यात जा, ते जहाज शोधा, शिडे मोजा. घरी आल्यावर नकाशा उघडा. नौदलाची भरती तुमच्यासाठीही आहे. तिची जाहिरात आली की शिक्षकांना विचारा, आम्हालाही विचारा. आणि आधी पोहायला शिका, कारण ते येत नसेल तर त्या वाटेवर फार पुढे जाता येत नाही.



जयभीम. जय भारत.