शब्दांखालची नागमोडी रेघ

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तुमच्याकडून वेगाची अपेक्षा केली जाईल. ‘जरा धीर धरा’ असंही सगळे सांगतील. पण धीर धरून नेमकं करायचं काय, हे सहसा कुणी सांगत नाही. मला ते पुण्यात झालेल्या एका कामात सापडलं.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. शतकानुशतकं हातानं नकललेल्या पोथ्या देशभर विखुरलेल्या होत्या. शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा कितीतरी लिप्यांतल्या. एका पोथीतला श्लोक दुसरीत वेगळा, तिसरीत गायबच. या पोथ्या ताडून, पुरावा नेईल तितक्या जुन्या पाठापर्यंत पोहोचायचं होतं. एकूण १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकून पुढे बर्लिनला संस्कृताकडे वळलेला हा माणूस. त्यांनी संपादलेलं आदिपर्व १९३३ साली पुरं झालं. अठरांपैकी पहिल्या पर्वालाच चौदा वर्षं!

या वर्षांत काय चाललं होतं, ते नीट पाहा. कागदावर सगळ्यात वर श्लोक लिहायचा, एकेक अक्षर सुटं करून. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. जिथे फरक, तिथे तो नोंदवायचा. मग पुढचा श्लोक. असं काम करताना मनाची एक खोड लगेच उघडी पडते: डोळा समोरचं वाचत नाही, अपेक्षित असलेलंच वाचतो. जुन्या नकलकारांचंही हेच व्हायचं. अवघड शब्द अडला की त्या जागी सोपा शब्द यायचा. म्हणून दोन पाठांतला अवघड पाठ बहुधा जुना, हे संपादनशास्त्रातलं एक सूत्र झालं. माझ्या मते सजगतेचा याहून चांगला धडा नाही. आपल्याला जे पटकन पटतं, तिथेच पुन्हा एकदा पाहायचं.

गणपतीनं महाभारत लिहून घेतलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांची. संपादकांनाही ही कथा ठाऊक होतीच. पण पोथ्यांचा पुरावा तिच्या बाजूनं पडला नाही, तेव्हा मुख्य संहितेतून काढून ती परिशिष्टात छापली गेली. ती फेकून दिली नाही, ठेवलीही नाही. जिथे तिची जागा होती तिथे ती गेली. पुण्यासारख्या गणेशभक्त गावात हे केलं गेलं, याचं मला फार मोल वाटतं.

आणि जिथे खात्री होत नव्हती तिथे? त्या शब्दांखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. इतक्या वर्षांच्या श्रमानंतरही ‘इथे आम्ही निश्चित नाही’ असं वाचकाला सांगणारी.

सुखटणकर १९४३ च्या जानेवारीत गेले. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा घेतली आणि १९६६ साली संहिता पुरी झाली. ज्यांनी सुरुवात केली, त्यांच्यापैकी कित्येकांनी शेवट पाहिला नाही.

तुमच्या वाट्याला पोथ्या येणार नाहीत. एक्सेलची शीट येईल, रुग्णाचा केसपेपर येईल, पुलाचा आराखडा, खटल्याची फाइल येईल. संध्याकाळपर्यंत हवं, असा निरोप असेल. द्या, वेळेत द्या. पण ज्या आकड्याची तुम्हाला खात्री नाही, त्याच्याखाली रेघ ओढून द्या. साहेबांना स्पष्ट सांगा की एवढं तपासलंय, एवढं राहिलंय. सुरुवातीला हे जड जाईल. शेजारचा सहकारी सगळं छातीठोक सांगत असेल आणि शाबासकी त्याला मिळेल. तरी सोडू नका. आपल्याला कुठवर कळलंय हे रोज तपासणारा माणूस त्या कामात वाढत जातो, आणि ही वाढ पगाराच्या पावतीवर उशिरा दिसते.

या सभागृहात बसलेल्या अधिकारी आणि उद्योजक मंडळींना माझी एक विनंती आहे. ही मुलं तुमच्याकडे येतील आणि एखादी मुलगी म्हणेल, ‘सर, या आकड्याबद्दल मला शंका आहे.’ तेव्हा घड्याळाकडे पाहू नका. खुर्ची ओढा, तिला बसवा आणि तिनं काय काय ताडून पाहिलं ते ऐकून घ्या.