केळीचा लपलेला रोग आणि विजेची पारख



मुनवा हिरवागार दिसला की आपण तो लावतो. पण आत पर्णगुच्छाचा विषाणू लपलेला असला, तर पुढे पानं आखूड अन् उभी होतात, शेंड्याला गुच्छ होतो, घड बहुधा येतच नाही. यावर औषध नाही.

हा विषाणू डीएनएचा. डीएनए पाऱ्याच्या विद्युत्-अग्रावर आपली खूण देतो, हे एमिल पालेचेक यांनी १९६० साली चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरी दाखवलं. आताच्या संवेदकात सोन्याच्या किंवा कार्बनच्या पट्टीवर, विषाणूच्या डीएनएला जुळणारा धागा बसवतात. पानाच्या अर्कात विषाणू असला, तर त्याचा धागा या धाग्याला चिकटतो, विजेचा प्रवाह बदलतो, आणि रोग डोळ्यांना दिसण्याआधी कळू शकतो.

असे संवेदक अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत. तोवर एवढं करा:

विषाणू-तपासणी झालेली, प्रमाणित ऊतिसंवर्धित रोपंच घ्या. रोगट बागेतला मुनवा घेऊ नका, देऊ नका. रोगट झाड दिसताच आधी त्यावरचा मावा मारा, मग झाड कंदासकट काढून नष्ट करा.

एक झाड राखायला जाल, तर बाग गमवाल.