अजून थोडं थांबू या!

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी गाडी घेण्याविषयी बोलणार आहे. कवीला गाडीतलं काय कळतं, असं तुमच्या मनात आलं असेल. खरं आहे. बॉनेट उघडल्यावर आत नेमकं काय बघायचं, हे मला अजूनही समजत नाही. पण गाडी न घेण्याचा अनुभव माझ्याइतका फार थोड्या लोकांच्या गाठीशी असेल. २०१९ सालच्या मार्चमध्ये छोट्या गाडीपुरते पैसे आमच्याकडे जमले होते. गाडी दारात आली २०२५ च्या ऑक्टोबरात. मधली साडेसहा वर्षं आम्ही आणखी चांगल्या गाडीची वाट पाहत होतो. आम्ही म्हणजे खरं तर मी.

वाट पाहणं आमच्या पिढीच्या अंगात मुरलेलं आहे. माझे अब्बा एसटीत वाहक होते. त्यांनी १९७६ साली स्कूटरसाठी नाव नोंदवलं आणि स्कूटर घरी आली १९८४ साली. उत्पादनाला सरकारी परवान्याची वेसण आणि मागणी मात्र कितीतरी पट, असा तो काळ होता. नोंदणीची पावती अब्बांनी पत्र्याच्या ट्रंकेत रेशनकार्डाशेजारी ठेवली होती. मोटारींचंही तेच. रस्त्यावर मुख्यतः अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी दिसायच्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली, तेव्हापासून चित्र पालटू लागलं. १९९१ नंतर बाजार खुला झाला, १९९८ साली सँट्रो आणि इंडिका आल्या, आणि मध्यमवर्गीय माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच ‘कोणती घेऊ?’ हा प्रश्न पडला. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न आलाच, ‘आत्ता घेऊ की थांबू?’

अब्बांच्या वाटेत आणि माझ्या वाटेत एक फरक आहे. त्यांच्या वाट पाहण्याला नंबर होता. तो नंबर हळूहळू का होईना, पुढे सरकत होता. माझी वाट मीच निवडलेली होती आणि तिला नंबर नव्हता.

आता माझा हिशेब ऐका. आमच्या घरात व्याजाचं कर्ज काढायचं नाही, हा अब्बांचा दंडक. त्यामुळे गाडी घ्यायची ती रोखीने. पैसे साठवायला वर्षं गेली, त्याची तक्रार नाही. २०१९ मध्ये पैसे जमले, तेव्हा कळलं की १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ या नव्या प्रदूषण मानकाच्याच गाड्या विकल्या जाणार आहेत. म्हटलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे, जुन्या इंजिनाची गाडी कशाला घ्यायची? थांबलो. एप्रिल २०२० उजाडला तो टाळेबंदीत. ते वर्ष तसंच गेलं. २०२१ मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपांची टंचाई झाली आणि अनेक गाड्यांसाठी महिनोन्‌महिने ताटकळावं लागू लागलं. म्हटलं, गर्दी ओसरू दे.

२०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मोटारीत सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला. तारीख होती १ ऑक्टोबर २०२२. जिवाचा प्रश्न आहे, थांबायलाच हवं. सप्टेंबरात ती तारीख एक वर्षाने पुढे गेली. मीही एक वर्ष पुढे गेलो. सप्टेंबर २०२३ मध्ये रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी ही सक्ती करणार नसल्याचं सांगितलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ‘भारत एनकॅप’ सुरू झालं, म्हणजे गाड्यांची टक्कर चाचणी करून सुरक्षिततेचे तारे देण्याची आपली स्वतःची पद्धत. म्हटलं, आपल्या पसंतीच्या गाडीला किती तारे मिळतात ते बघू. तोवर विजेच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या. बॅटरी दरवर्षी थोडी स्वस्त होते आणि थोडी जास्त पल्ल्याची होते. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. २०२४ हेच म्हणत गेलं.

श्रोतेहो, यातलं एकही कारण खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या. प्रत्येक वेळी माझं म्हणणं बरोबर होतं. चुकली ती बेरीज. सहा शहाणपणाची कारणं एकापुढे एक मांडली, की सहा वर्षांचा वेडेपणा तयार होतो.

त्यात मी पडलो कवी. मराठीत आणि उर्दूत वाट पाहण्यावर इतकं लिहिलं गेलं आहे, की वाट पाहणं हा एक सद्‌गुणच वाटायला लागतो. कवितेत वाट पाहणारा माणूस फार सुंदर दिसतो. पण आमच्या घरात वाट पाहत उभं कोण होतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा मिरज तालुक्याच्या पूर्व भागात, घरापासून सव्वीस किलोमीटर. एसटीची वेळ शाळेच्या वेळेला जुळायची नाही. म्हणून जाता-येता वडाप. आमच्याकडे प्रवासी भरून नेणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली म्हणून थांबतही नाही. गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा, २०१९ च्या उन्हाळी सुट्टीत, पत्नीने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून रीतसर परवाना काढला. मला गाडी चालवता येत नाही, म्हणजे चालवणार तीच होती. परवाना पर्समध्ये ठेवून ती रोज फाट्यावर उभी राहत होती आणि मी संध्याकाळी पंख्याखाली बसून माहितीपत्रकं वाचत होतो.

२०२५ च्या मे महिन्यात ती निवृत्त झाली. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ सगळं मिळालं. ते सगळं मांडीवर घेऊन, चौथ्या सीटवर अवघडून बसून, ती वडापनेच घरी आली. पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही मॉडेलची वाट बघत होता, मी वडापची.” रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती.

त्या रात्री मी हिशेब केला. सहा शैक्षणिक वर्षं. करोनाची दोन वजा केली, उरली चार. वर्षाला कामाचे साधारण दोनशे वीस दिवस. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. आठशे ऐंशी तास. दिवस-रात्र धरली तर जवळजवळ सदतीस दिवस ती त्या फाट्यावर उभी होती. माझ्या कोणत्याही माहितीपत्रकात हा आकडा नव्हता.

म्हटलं, आता लगेच घेऊ. छोटी पेट्रोल गाडी ठरली. पैसे भरायला शोरूममध्ये जाणार, तेवढ्यात १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं की दिवाळीपर्यंत जीएसटीत मोठे बदल होणार. मला घाम फुटला. पुन्हा थांबायचं? यावेळी निर्णय पत्नीवर सोडला. ती म्हणाली, “दिवाळीपर्यंत म्हणजे दिवाळीपर्यंत. झालं तर झालं, नाही तर आहे त्या किमतीत घ्यायची. लिहून ठेवा.” मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने तारीख पक्की केली, २२ सप्टेंबर २०२५. छोट्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि एक टक्का उपकर होता, तो एकूण १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत पाच लाख धरा. आधी कर पडायचा एक लाख पंचेचाळीस हजार, आता नव्वद हजार. पंचावन्न हजारांचा फरक. पंधरा ऑगस्टपासून मोजले तर अडतीस दिवसांत. एवीतेवी पितृपक्षामुळे आमचे शेजारीपाजारीही खरेदीला थांबलेच होते.

म्हणजे थांबणं वाईट नाही. मग अडतीस दिवसांचं थांबणं बरोबर आणि साडेसहा वर्षांचं चूक, ते का? मला सापडलेलं उत्तर असं, की पहिल्या वाटेला शेवट होता. वाट दोन प्रकारची असते, तारीख असलेली आणि तारीख नसलेली. तारीख असली की माणूस थांबतो. तारीख नसली की तो नुसता टाळतो, आणि टाळण्याला थांबणं म्हणतो.

म्हणून कोणी विचारलं, तर मी आता तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पुढच्या मॉडेलची तारीख कंपनीने जाहीर केली आहे, की ती चहाच्या टपरीवर ठरली आहे? साधारणपणे एखाद्या गाडीची पूर्ण नवी पिढी सहा-सात वर्षांनी येते. स्विफ्टचंच पाहा. भारतात २००५, २०११, २०१८ आणि २०२४. मधल्या काळात बदलतो तो बराचसा चेहरामोहरा, म्हणजे दिवे, जाळी, आतला पडदा. तुमच्या पसंतीचं मॉडेल येऊन दोनच वर्षं झाली असतील, तर नव्या पिढीसाठी थांबणं म्हणजे आणखी चार-पाच वर्षं थांबणं. सहा वर्षं झाली असतील तर थांबण्यात अर्थ आहे, किंवा जुन्यावर घसघशीत सूट मागण्यात. आणि नवीन मॉडेल आलं तरी धावत जाऊ नका. आमचे गॅरेजवाले मिस्त्री म्हणतात, “पहिला घाणा कढईचा अंदाज घेण्यातच जातो. भजी दुसऱ्या घाण्याची खावी.” म्हणजे त्या तारखेत आणखी सहा महिने मिळवा आणि मग बघा, थांबणं परवडतं का.

दुसरी गोष्ट, गाडी किती वर्षं ठेवणार? डिसेंबरात सूट मिळते, कारण जानेवारीत तीच गाडी गेल्या वर्षीची होते. विम्यासाठी धरायची किंमतही वयाप्रमाणे उतरते. पहिले सहा महिने पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा टक्के, दोन वर्षांपर्यंत वीस टक्के. तीन वर्षांत विकणाऱ्याने मॉडेलचं आणि सालाचं गणित जरूर मांडावं. दहा वर्षं वापरणाऱ्याला त्याचं फारसं काही नाही. कारण तुम्ही काहीही घेतलंत तरी दहा वर्षांत दोनदा ती ‘जुनं मॉडेल’ होणारच आहे.

आणि तिसरी गोष्ट, तुम्ही थांबता तेव्हा उभं कोण असतं? दुचाकीवर मधे बसून शाळेत जाणारं मूल, दवाखान्यात जायला रिक्षा शोधणारे वडील, की कोणीच नाही? कोणीच नसेल तर खुशाल थांबा, गाडी न घेतलीत तरी चालेल. पण कोणी उभं असेल, तर निर्णय त्यांना विचारून घ्या.

सगळंच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. आमच्या गाडीत आज सहा एअरबॅग आहेत. २०१९ मध्ये पाहून ठेवलेल्या गाडीत दोन होत्या. हा फायदा खराच. फक्त ज्या माणसासाठी तो हवा होता, तो माणूस सहा वर्षं एअरबॅग नसलेल्या वडापमध्ये चौथ्या सीटवर बसला होता.

२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, आम्ही गाडी आणली. शोरूमवाल्यांनी झेंडूचा हार घातला, पत्नीने बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, “चला, जरा चक्कर मारून येऊ.” गाडी तिने आपोआपच जुन्या रस्त्याला घेतली. फाट्यावर तिच्या शाळेतल्या एक तरुण शिक्षिका वडापची वाट बघत उभ्या होत्या. पत्नीने गाडी थांबवली. “बाई, तुम्ही इकडं कुठं?” त्यांनी विचारलं. “शाळेत सोडायला आले, बसा,” ही म्हणाली.

मी उतरून मागच्या सीटवर गेलो. पुढची जागा त्यांना दिली.