धातूला वांक देणारे छर्रे

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत शिरणाऱ्यास भांडें दिसण्यापूर्वीं ठोका ऐकूं येतो. हंडा घडून, उजळून झाल्यावर तांबट त्याच्या अंगावर हातोडीनें एकाशेजारीं एक असे असंख्य लहान खळगे उठवितो. यास मठारणें म्हणतात. शहरांतील गिऱ्हाइकें हिला नक्षी समजतात, आणि ती डोळ्यांत भरतेही. परंतु या ठोक्यांनीं तांबें कणखर होतें, हा तिचा खरा उपयोग होय.

हेंच काम हातोडीऐवजीं पोलादी छर्ऱ्यांनीं करणारीं यंत्रें मोटारींचे व विमानांचे भाग घडविणाऱ्या उद्योगांत आहेत. छत्रपति संभाजीनगर, ज्याचें नांव २०२३ पर्यंत औरंगाबाद होतें, हें शहर हिमरूसाठीं नांवाजलेलें. पण १९८५ मध्यें वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना निघाल्यापासून गाड्या व त्यांचे सुटे भाग हीही त्याची ओळख झाली. वाहनांच्या धंद्यांत गिअरच्या दांत्यांना आणि स्प्रिंगांना छर्ऱ्यांचा मारा देण्याची रीत सर्वत्र रूढ आहे.

असल्या भागांचें मरण एका जबर आघातानें क्वचितच ओढवतें. लाखों वेळां भार पडून पृष्ठभागावर केसासारखी भेग पडते. ती ताणानें उघडत जाते, आणि वरून धडधाकट दिसणारी स्प्रिंग एके दिवशीं भर रस्त्यांत तुटते. गोल छर्रा जोरानें आदळला कीं त्या जागची कातडी पसरूं पाहते. खालचा थर तिला पसरूं देत नाहीं. या ओढाताणींत वरचा थर कायमचा दाबलेला राहतो, आणि दाबलेल्या थरांत भेगेला तोंड उघडण्यास सहसा वाव मिळत नाहीं.

पत्रा पातळ असून मारा एकाच बाजूनें झाला तर मात्र निराळें घडतें. मार खाल्लेली बाजू पसरते आणि पत्रा तिकडेच फुगून कमानीसारखा वांकतो. मारणाऱ्याला पाठ दाखविण्याऐवजीं तो छाती पुढें काढतो म्हणाना! १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील लॉकहीड कंपनीनें विमानाच्या पंखांचे पत्रे वळविण्यासाठीं याचा उपयोग केला. ना साचा, ना भट्टी, ना अजस्र दाबयंत्र. कोठें किती छर्रे मारावे एवढें ठरलें कीं पत्रा थंडपणींच आकार घेतो.

किती मारावे, हा प्रश्न जिवावरचा आहे. थोडे पडले तर संरक्षण नाहीं. अति झाले तर पृष्ठभागच चिरतो. जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन यानें यावर साधा उपाय काढला. तीन इंच लांब, पाऊण इंच रुंद अशी पोलादी पट्टी कामाच्या जागीं स्क्रूंनीं आवळावयाची, एका बाजूनें मारा झाल्यावर सोडावयाची आणि तिचा वांक मोजावयाचा. गिअरच्या कातडींत काय झालें हें डोळ्यांना दिसत नाहीं. पट्टी मारा किती पडला हें सांगते.

तांबटाजवळ अशी पट्टी नसते. घडवितांना तांबें कडक झालें हें त्याच्या हाताला व कानाला कळतें; मग तो भांडें तापवून पुन्हां मऊ करून घेतो. ज्या कानांवर हें काम चालतें तेच या कामांत बधिर होतात. इटालियन वैद्य रामाझिनी यानें व्हेनिसच्या तांबटांविषयीं तें १७१३ मध्यें लिहून ठेवलें आहे. छर्ऱ्यांचें यंत्र बंद कोठडींत चालतें. तांबट आळींतला ठोका हाताच्या अंतरावरच पडतो.