वर्गातलं सगळ्यात बेभरवशाचं उत्तर

आजचा भाग शिक्षकांसाठी आहे, शिकवणी घेणाऱ्या दादा-ताईंसाठी आहे, आणि घरी धाकट्या भावाला गणित शिकवताना ज्यांचा आवाज चढतो त्या सगळ्यांसाठी आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. "समजलं?"

वर्गात हा प्रश्न विचारला की एका सुरात उत्तर येतं, "होऽऽ!" माझ्या मते वर्गातलं सगळ्यात बेभरवशाचं उत्तर हेच. पण मला ते कळायला चार महिने लागले.

मी आठवडाभर कोड लिहितो. शनिवारी दुपारी भाईंदर स्टेशनवरून उत्तनच्या बाजूची बस पकडतो आणि पालीला जातो. मीरा-भाईंदरच्या पार टोकाचं हे कोळ्यांचं गाव. समोर समुद्र, किनाऱ्यावर बोटी, बांबूच्या वलांडींवर वाळत घातलेले बोंबील. तिथे आठवी-नववीच्या सव्वीस मुलांना मी विज्ञान आणि गणित शिकवतो. बहुतेकांच्या घरातलं कोणी ना कोणी बोटीवर जातं.

बीटेक झालेला माणूस शिकवायला गेला की आधी काय नेणार? प्रोजेक्टर! मीही नेला. पडदे ओढले, पृथ्वी सूर्याभोवती फिरतानाचं झकास ॲनिमेशन लावलं. मुलं डोळे मोठे करून बघत होती. मी विचारलं, "समजलं?" "होऽऽ!" मी खूश होऊन घरी आलो.

पुढच्या शनिवारी विचारलं, "उन्हाळा का येतो?" शांतता. मग नेहमीचे तीन हात वर झाले. त्यांनी काहीतरी सांगितलं, मी "शाब्बास" म्हणालो आणि पुढे गेलो. असे चार महिने गेले. सव्वीस मुलांचा वर्ग मी तीन हातांवर चालवत होतो.

आता गंमत बघा. ऑफिसात आमचा सर्व्हर दोन मिनिटं बंद पडला तरी माझ्या फोनवर अलर्ट येतो. कोणत्या बटणावर किती लोकांनी बोट ठेवलं ते दिसतं. आणि इथे समोर बसलेल्या मुलाचं गाडं कुठे अडलंय, ते कळायची काही सोय नव्हती.

वर्गातलं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते २००९ साली रुजू झाले. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवायचा, पालकांच्या मोबाइलवर तो स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड छापून आले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्या कोडनं शिकवणं मुलाच्या घरापर्यंत नेलं. मूल तेच तीन वेळा ऐकू शकतं, थांबवू शकतं. माझ्या वर्गात मात्र उलट बाजूचा रस्ता बंद होता. माझ्याकडून मुलांकडे सगळं जात होतं, मुलांकडून माझ्याकडे काहीच येत नव्हतं.

तेव्हा एका मैत्रिणीनं प्लिकर्स नावाचं ॲप दाखवलं. त्यात प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड द्यायचं. कार्डावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती असते आणि चार कडांवर चार अक्षरं. मूल आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतं. शिक्षकानं मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणतं कार्ड कोणाचं आणि ते कुठल्या बाजूनं धरलंय, हे कॅमेरा ओळखतो. मुलांकडे मोबाइल लागत नाही. प्रत्येक आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवण्यातही अर्थ नसतो. साध्या प्रिंटरवर कार्डं छापली, पुठ्ठ्यावर चिकटवली, झालं.

पहिला प्रश्न तोच. उन्हाळा का येतो? एक पर्याय होता, "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून." कॅमेरा फिरवला, आणि निम्म्याहून जास्त वर्गाचं उत्तर तेच! का, ते लगेच लक्षात आलं. माझ्या त्या झकास ॲनिमेशनमध्ये पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढली होती. ते बघून मुलं चूकच शिकली होती. दाखवणारा मीच!

मग मी उत्तर सांगितलं नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९९१ पासून एक पद्धत वापरत आलेत. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाचं उत्तर घ्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायला सांगायचं आणि पुन्हा उत्तर घ्यायचं. मी फक्त एवढंच सांगितलं की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटींवर. आता भांडा.

जो गोंगाट झाला! एकजण ओरडला, "मग जानेवारीत पप्पा स्वेटर घालून बोटीवर का जातात?" तोच प्रश्न हवा होता. तिथून पृथ्वीच्या कललेल्या आसापर्यंत ती बरीचशी आपापली पोचली.

पण त्या दिवशी मला खरा धक्का बसला तो वेगळाच. मागे खिडकीशी एक मुलगी बसते. चार महिन्यांत तिनं एकदाही हात वर केला नव्हता. मी मनातल्या मनात तिला "कच्ची" ठरवून टाकलं होतं आणि उजळणीच्या गटात बसवलं होतं. तिचं कार्ड पहिल्याच फेरीत बरोबर होतं. पुढच्या प्रश्नालाही, त्याच्या पुढच्यालाही. तिला येत होतं. मी तिला कधी नीट विचारलंच नव्हतं.

याला ॲपही लागत नाही, हे नंतर कळलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. मी मनात पाचपर्यंत मोजायला लागलो. पाच सेकंद वर्गात फार लांब वाटतात. करून बघा.

एकदा रेषीय समीकरण चाललं होतं. विचारलं, "एका संख्येला दुसरीच्या पाऊणपट म्हणायचं, असं कुठे पाहिलंय?" एक, दोन, तीन, चार... खिडकीतून आवाज आला, "भरती."

तिचे आजोबा भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणून सहाला भरती. नवमीला पावणेसात. मी फळ्यावर लिहिलं, य बरोबर ०.७५ क्ष. सगळी मुलं हसायला लागली, कारण हे समीकरण त्यांच्या घरात होतंच.

मग मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक उघडलं आणि तपासायला बसलो. एका मुलानं घोळ पकडला. पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा येतात. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, पाऊण वाजता भरती. एका दिवसात दीड तासाची उडी कशी? भरती तर रोज सरासरी पन्नासएक मिनिटांनी पुढे जाते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीसच. तासभर हिशेब करून मुलांनी पाऊणच्या जागी ०.८ बसवलं. पंधराला बरोबर बारा. उडी गायब!

पुढच्या शनिवारी तिनं आजोबांचं उत्तर आणलं. "बरोबर आहे. पण पाऊण तोंडी होतो. होडीत बसून शून्य पूर्णांक आठ कोण करणार?" सोपं गणित की अचूक गणित, यावर आम्ही अर्धा तास बोललो. तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला तास, आणि त्यात प्रोजेक्टर बंद होता.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. हौसेनं मी एकदा सगळ्यांची नावं आणि बरोबर-चूक पडद्यावर लावलं. एका मुलाच्या नावापुढे सलग लाल. तो दोन शनिवार आला नाही. मी घरी जाऊन बोललो तेव्हा परत आला. तेव्हापासून कोणाचं काय चुकलं ते फक्त माझ्या फोनवर दिसतं. चूक सांगायला मुलाला भीती वाटली, की कार्डंही "होऽऽ" म्हणायला लागतात.

आणि जे स्वतः अभ्यास करतायत त्यांच्यासाठी एक गोष्ट. २००८ साली कार्पिके आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द पाठ करायला दिले. शब्द एकदा आल्यानंतरही जे पुन्हापुन्हा स्वतःची परीक्षा घेत राहिले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के आठवले. ज्यांनी परीक्षा थांबवून नुसतं वाचन चालू ठेवलं, त्यांना साधारण ३५ टक्के. म्हणून व्हिडिओ संपला की लगेच पुढचा लावू नका. फोन पालथा ठेवा आणि काय कळलं ते कागदावर लिहा.

सोमवारी तुमचा वर्ग असेल तर एवढंच करा. एक प्रश्न काढा, त्याचे चुकीचे पर्याय मुलांच्या डोक्यातले असू द्या, आणि प्रत्येकाकडून उत्तर घ्या. कार्डं नसतील तर बोटं चालतील, छातीशी धरून, एक ते चार.

ती मुलगी अजून खिडकीशीच बसते. हात अजूनही फारसा वर करत नाही. पण मागच्या शनिवारी मी सवयीनं "समजलं?" विचारलं, सगळे "होऽऽ" म्हणाले, आणि तिकडून आवाज आला, "नाही दादा. परत सांगा."

परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना कळलं, मलाही ते नीट समजलं नव्हतं.

तुमच्या वर्गात काय चालतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.