घरात इंटरनेट घेताना



घरी इंटरनेट हवे, तर मोबाइल कंपनी कोणती घ्यावी, असे पुष्कळजण विचारतात. आम्ही उलट विचारतो, तुमच्या घरात रेंज कुणाची येते?

आमचीच गोष्ट सांगतो. दुकानदार म्हणाला, ही कंपनी सगळ्यांत वेगवान. आम्ही नवे सिम घेतले, पैसे भरले. एसटीच्या थांब्यावर झकास चाले. घरात मात्र दगडी भिंती, वर पत्रा. रेंज येईना. पोरगी अभ्यासाला मोबाइल घेऊन ओट्यावर बसे, तेही थंडीत.

म्हणून आधी शेजाऱ्यांचे मोबाइल घरात आणून बघा. माजघरात बघा. रात्री आठला पुन्हा बघा. त्या वेळी सारा गाव एकाच टॉवरवर असतो, वेग पडतो.

हिशेबही करा. 28 दिवसांचा रिचार्ज म्हणजे महिना नव्हे. वर्षात 13 वेळा पैसे पडतात!

सिम घेऊन चुकलात, तरी नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 2011 पासून ही सोय देशभर आहे. फक्त नव्या सिमला आधी 90 दिवस व्हावे लागतात. आमची पोर तेवढे दिवस ओट्यावरच बसली.