कूस बदलण्याची विद्या

1973 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या 27 तारखेस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत तेथीलच एक परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर एका कामगारानें हल्ला केला. गळा आवळला गेल्यामुळें मेंदूस होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि पंचविशींतील ती तरुणी पुन्हा पूर्ण भानावर कधींच आली नाहीं. वॉर्ड क्रमांक 4 लगतच्या एका खोलींत 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षें, अरुणाबाई अंथरुणास खिळून होत्या. बरोबरीच्या परिचारिकांनीं त्यांना अंतर दिलें नाहीं. त्या परिचारिका निवृत्त झाल्या तेव्हां, 1973 सालीं जन्मल्याहि नव्हत्या अशा मुलींनीं तें काम हातीं घेतलें.

ही हकीकत मुंबईकरांस ठाऊक आहे आणि तींतील करुणेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. एका गोष्टीकडे मात्र द्यावें तितकें लक्ष दिलें गेलें नाहीं. 7 मार्च 2011 रोजीं दयामरणाचा अर्ज फेटाळतांना, इतकीं वर्षें पडून असलेल्या या रुग्णाच्या अंगावर शय्याव्रण नाहीं, याची सर्वोच्च न्यायालयानें आवर्जून नोंद घेतली. ही गोष्ट केवळ मायेनें घडत नाहीं. माया घरोघर असते, आणि शय्याव्रणहि घरोघर होतात.

शय्याव्रणाचें कारण अगदीं साधें आहे. त्वचेंतील केशवाहिन्यांत रक्ताचा दाब पाऱ्याच्या अवघ्या 32 मिलिमीटरांच्या आसपास असतो. गादी आणि हाड यांच्या चिमटींत सांपडलेल्या कातडीवर त्याहून अधिक भार सतत राहिला, कीं तेथील रक्त थांबतें आणि कांहीं तासांतच मांस मरूं लागतें. निरोगी माणूस झोपेंतहि कूस बदलतो. ज्याचें भान गेलें त्याच्यासाठीं तें काम दुसऱ्यानें, साधारणतः दर दोन तासांनीं, करावें लागतें. माकडहाड, टांचा, खुब्याचीं हाडें, कोपर, डोक्याचा मागला भाग, कानाची पाळी, या जागा परिचारिका प्रत्येक वेळीं नीट पाहते. लाल दिसलेल्या जागेवर ती बोट दाबते. दाबल्यानें जागा फिकी पडली तर अजून वेळ आहे. लाली तशीच राहिली, तर आंत इजा झाली असें ती समजते. सांवळ्या कातडीवर ही लाली दिसेलच असें नाहीं. तेथें आसपासच्या भागापेक्षां ऊन किंवा टणक लागणारी जागा हातानेंच शोधावी लागते. अशी जागा चोळूं नये, कारण चोळण्यानें आंतील इजा वाढते. घरोघर नेमकें चोळलेंच जातें! फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं 1859 सालींच बजावलें होतें, कीं असे व्रण हा बहुधा रोगाचा नव्हे, तर शुश्रूषेचा दोष असतो.

कूस बदलणें ही केवळ कातडीची निगा नव्हे. पाठ्यपुस्तकांत श्वसन, रुधिराभिसरण, पचन, मूत्र, मज्जा, अस्थि अशीं निरनिराळीं प्रकरणें असतात आणि विद्यार्थिनी परीक्षेसाठीं तीं एकामागून एक पाठ करतात. खाटेवर तीं तशीं सुटीं राहत नाहींत. सतत उताण्या पडलेल्या माणसाच्या फुप्फुसांचा मागला भाग नीट फुगत नाहीं. तेथें कफ सांचतो व त्यांत जंतू वाढतात. कुशीवर वळविलें, कीं तो भाग मोकळा होतो. याहून मोठें भय घांसाचें. मेंदूस इजा झाली म्हणजे गिळण्याची क्रिया ढिली पडते आणि घांस श्वासनलिकेंत उतरूं शकतो. निरोगी माणसाला ठसका लागतो. अशा रुग्णाला तो लागेलच असें नाहीं. म्हणून भरवतांना पाठ व डोकें उंच करावें, अन्न मऊ करून थोडें थोडें द्यावें, पहिला घांस उतरल्यावांचून दुसरा देऊं नये, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास रुग्णास आडवें करूं नये. अरुणाबाईंना 2010 सालच्या सप्टेंबरपर्यंत तोंडानेंच भरविलें जात असे. त्या महिन्यांत ताप आला, खाणें कमी झालें, आणि मग नाकावाटे नळी घालावी लागली. तोंवर जवळजवळ सदतीस वर्षें तो घांस योग्य वाटेनें उतरविला गेला होता.

पायाचें दुखणें तर फारच फसवें. पोटरीचे स्नायू हलले तरच तेथील रक्त वर चढतें. पाय निश्चल राहिला, कीं शिरेंत गुठळी होते. एकच पाय सुजला, ऊन लागला, तर घरचीं माणसें तेल लावून तो रगडतात. गुठळी सुटते आणि थेट फुप्फुसांत जाऊन अडकते. हाडाचें म्हणून जें वाटलें तें रक्ताचें निघालें आणि जीव गेला श्वास कोंडून! अशा पायास हात न लावतां डॉक्टरांस बोलवावें. पोटाचेंहि तसेंच. कित्येक दिवस शौचास न झालेल्या रुग्णास एकाएकीं पातळ होऊं लागलें, तर तो जुलाब नसून आंत अडलेल्या मळाच्या कडेनें झिरपणारें पाणी असूं शकतें. तेथें जुलाब थांबविण्याचें औषध दिलें तर अनर्थच. म्हातारा माणूस एका रात्रींत बरळूं लागला, तर डोकें फिरलें म्हणण्यापूर्वीं अनुभवी परिचारिका लघवी किती झाली आणि तिचा रंग कसा होता, हें विचारते.

परळच्या त्या खोलींत सर्वच साधलें, असें मात्र नव्हे. न्यायालयानें नेमलेल्या डॉक्टरांनीं तपासलें, तेव्हां अरुणाबाईंच्या हातापायांचे सांधे आखडलेले होते. मेंदूच्या इजेनें ताठरलेले स्नायू वर्षानुवर्षें सांध्यांना ओढीत राहतात; रोज हातपाय हलवूनहि ती ओढ पुरती थांबेलच असें नाहीं. अशा आखडलेल्या शरीराची कूस बदलणें अधिकच अवघड. दुमडलेल्या कोपरांत आणि मिटलेल्या मुठींतहि घाम सांचून कातडी सोलवटते. अशा सांध्यांसह कातडी शाबूत राहिली, यावरून त्या कामाची जात कळते.

हें ज्ञान रुग्णालयाच्या भिंतींआड ठेवून चालणार नाहीं. अर्धांगवायूच्या रुग्णास थोड्या दिवसांत घरीं पाठवितात, आणि गिरगांवांत किंवा लालबागेंत तें घर म्हणजे पुष्कळदां चाळींतील एकच खोली असते. तेथें रात्रीं दोन वाजतां उठून सासऱ्याची कूस बदलणाऱ्या सुनेस कोणीं कांहीं शिकविलेलें नसतें. हातांत औषधांची चिठ्ठी तेवढी असते. निघण्यापूर्वीं तिला तासभर खाटेपाशीं उभें करून वळविणें, भरविणें आणि पाहणें शिकविलें, तर तो तास कोणत्याहि मलमाहून अधिक उपयोगीं पडेल.

1973 सालीं परळ-लालबागचें घड्याळ गिरण्यांच्या भोंग्यांवर चाले. 1982 च्या संपानंतर ते एकामागून एक मुके झाले. रुग्णालयांतील पाळ्या मात्र बदलत राहिल्या. 2015 सालीं अखेर न्यूमोनियानें, म्हणजे ज्या फुप्फुसांवर इतकीं वर्षें पहारा होता त्यांच्याच वाटेनें, अरुणाबाईंना मृत्यू आला. पाळी बदलतांना आजहि जाणारी परिचारिका येणारीस खाटेपाशीं उभी राहून सांगते: लघवी किती झाली, शौच केव्हां झालें, पोटांत किती गेलें, आणि शेवटीं कोणत्या कुशीवर ठेवलें.